कोकणातल्या घरात कोको आणि वनस्पतींचे नित्यविधी: नवख्यांसाठी मार्गदर्शक

‘सेरेमोनियल कॅकाओ’ या नावाने विकला जाणारा शुद्ध कोको शहरांतील योगवर्गांमधून आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील शिबिरांमधून आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांपर्यंतही पोहोचू लागला आहे. तो कसा करावा, किती घ्यावा, कोणी टाळावा आणि आपल्या घरातल्या रोजच्या रीतीत त्याला कुठे जागा द्यावी, हे प्रश्न मात्र बहुतेकांच्या मनात तसेच राहतात. ज्यांनी हा कोको कधी घेतलेला नाही, पण झाडाझुडपांच्या सहवासात दिवसाचा थोडा वेळ शांतपणे घालवावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. रोजचा विधी अंगणातल्या झाडाचा असावा आणि कोको हा त्यात ठरलेल्या वारी येणारा, स्वतःचे नाव-गाव असलेला पाहुणा असावा, असे माझे ठाम मत आहे. लेखातील पायऱ्यांचा क्रमही त्यामुळे तसाच ठेवला आहे.

पहिली पायरी: रोजचे एक झाड

कोको विकत घेण्याआधी निदान महिनाभर एका झाडाशी रोजची भेट ठरवावी. अंगणात तुळशीवृंदावन असेल तर दुसरे झाड शोधण्याचे कारण नाही. सकाळी आंघोळीनंतर पाणी घालणे, वाळलेली पाने काढणे, मंजिऱ्या खुडणे आणि तिन्हीसांजेला दिवा लावणे, एवढ्या चार कृतींतच एक पूर्ण विधी आहे. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या की तुळस बी धरून लवकर वाळत नाही आणि तिला नवी पालवी फुटते, त्यामुळे या कृतीला श्रद्धेइतकाच बागकामाचाही आधार आहे. मात्र आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. अशा दिवसांत केवळ नेम म्हणून तांब्याभर पाणी ओतत राहिले तर मुळे कुजतात. तेव्हा पाणी बंद ठेवावे, वृंदावनात पाणी तुंबू देऊ नये आणि दिव्याचा नेम पाळावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बुडाला भोक असलेली कुंडी चार-पाच तास ऊन मिळेल अशा जागी ठेवावी. तुळस जगत नसेल तर ओवा, गवती चहा किंवा जास्वंद निवडावी. त्यातही गवती चहा नवख्यांना फार उपयोगी पडतो, कारण त्याच्यावर पुढच्या कोकोच्या बैठकीची संपूर्ण तालीम करता येते. झाडापुढे क्षणभर थांबून मगच दोन-तीन पाती कापावीत, ती धुऊन आल्याच्या तुकड्यासह उकळावीत, पेला हातात घेऊन पडवीत बसावे आणि तो संपेपर्यंत फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. या पेयात कॅफीन नसते, ते रोज घेता येते आणि एका पेल्यासाठी दहा मिनिटे नुसते बसणे आपल्याला जमते का, हेही त्यातून कळते. ज्यांना ते जमत नाही, त्यांना महागडा कोको आणूनही जमणार नाही.

दुसरी पायरी: कोकोची ओळख

कोको मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला आहे. आजच्या इक्वेडोरमधील सांता आना-ला फ्लोरिडा या ठिकाणी सापडलेल्या भांड्यांवरील अवशेषांवरून सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी तेथील लोक त्याचा वापर करत होते, असे दिसते. पुढे मध्य अमेरिकेतील माया लोकांमध्ये तो लग्न, मेजवानी आणि देवकार्य यांतला मानाचा पदार्थ झाला, तर आझ्टेक राज्यात त्याच्या बिया कर म्हणून आणि चलन म्हणूनही चालत. ग्वाटेमालातील माया समाजांच्या विधींमध्ये कोको आजही आहे. याउलट, गोल करून बसणे, संगीत लावणे, ध्यान करणे आणि पेला हातात घेऊन मनातले बोलणे, हे जे रूप आज शिबिरांत दिसते, ते गेल्या काही दशकांत घडलेले आहे. त्यात गैर काही नाही, पण त्याला ‘हजारो वर्षांचा प्राचीन विधी’ म्हणणे खरे नाही आणि ज्यांची ती परंपरा आहे त्या लोकांवर ते अन्याय करणारे आहे. म्हणून आपल्या घरी माया देवतांची नावे किंवा मंत्र उसने आणू नयेत. झाडाचे मूळ कुठले हे मात्र आदराने सांगावे.

झाड म्हणून पाहिले तर कोको आपल्या मातीला फारसा परका वाटत नाही. फणसासारखी त्याची फळे थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात, त्याला सावली आणि ओल लागते, आणि त्याच्या चिमुकल्या फुलांचे परागीभवन ओल्या पालापाचोळ्यात वाढणारी बारीक चिलटे करतात. भारतात त्याची व्यावसायिक लागवड १९६० च्या दशकात केरळातील वायनाड भागात सुरू झाली. आज केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तामिळनाडू या राज्यांत तो मुख्यतः नारळ-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून घेतला जातो, आणि कोकणातही बागांमध्ये त्याची तुरळक झाडे आढळतात. पिकलेल्या फळातील पांढऱ्या, आंबट-गोड गराने वेढलेल्या बिया पाच ते सात दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात, भाजतात, टरफले काढतात आणि मग वाटतात. चॉकलेटचा ओळखीचा वास आंबवण्याच्या टप्प्यावर बीज धरतो आणि भाजताना खुलतो, त्यामुळे कच्ची बी चाखून पाहिली तर तीत तो जवळपास नसतो.

कोकमाशीही त्याचे एक नाते जुळते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य मेदांना मर्यादित परवानगी आहे, त्यांत कोकमाच्या बियांचा मेद आणि आंब्याच्या कोयीतील मेद हे दोन्ही आहेत. थंडीत भेगाळलेल्या टाचांना आपण जे कोकमतेल चोळतो, त्याचाच हा सन्मान आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

तिसरी पायरी: कोणी घेऊ नये

ही पायरी कोणीही ओलांडून पुढे जाऊ नये. कोकोमध्ये थिओब्रोमीन हे उत्तेजक द्रव्य वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के असते आणि त्याहून कमी प्रमाणात कॅफीन असते. त्याने नशा होत नाही आणि भास होत नाहीत, पण हृदयाचे ठोके वाढू शकतात. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच नैराश्यावर औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय विधीच्या मात्रेतला कोको घेऊ नये. नैराश्यावरील औषधांपैकी एमएओ इनहिबिटर गटातील औषधांबरोबर तो टाळायलाच हवा. कोको घ्यायचा म्हणून चालू गोळी सोडणे हे तर कोणत्याही कारणाने करू नये, मग सांगणारा कितीही मोठा गुरू असो. अर्धशिशी, आम्लपित्त आणि मूतखडा यांचा त्रास असणाऱ्यांनाही तो मानवेलच असे नाही. चहाप्रमाणे कोकोही अन्नातील लोह अंगी लागण्यात अडथळा आणतो, म्हणून तो जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीच्या वेळी घेऊ नये. विशेषतः रक्त कमी असलेल्या बायकांनी हे लक्षात ठेवावे.

लहान मुलांना हा पेला देऊ नये. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर कोको, त्याची टरफले आणि खरकटी भांडी यांपैकी काहीही त्यांच्या वाटेत येऊ देऊ नये, कारण थिओब्रोमीन त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि ते त्यांना विषासमान आहे.

चौथी पायरी: खरेदी आणि साठवण

‘सेरेमोनियल’ या शब्दाला कायद्याने ठरवलेला कोणताही दर्जा नाही, तेव्हा वेष्टनावरील चित्राऐवजी घटकांची यादी वाचावी. तिच्यात कोकोच्या बिया एवढा एकच घटक असावा. साखर, दूधभुकटी किंवा लेसिथिन असल्यास ते चॉकलेट होय. बाजारातली कोको पावडरही या कामाची नाही. १८२८ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटेन यांच्या दाबयंत्राचे पेटंट झाल्यापासून बियांमधला बराचसा मेद पिळून काढून उरलेल्या चोथ्याची पूड करण्याची रीत रूढ झाली, आणि आपल्याला तर निम्म्याच्या आसपास मेद असलेली, काहीही न काढलेली वडी हवी आहे.

विकणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: बिया कोणत्या बागेतल्या आहेत, त्या कोणी आंबवल्या आणि कॅडमियम आणि शिसे या विषारी धातूंची तपासणी झाली आहे का. लॅटिन अमेरिकेतील काही भागांच्या मातीत कॅडमियम जास्त असल्याने ते कोकोत उतरते, म्हणून शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारावा. जगातील सुमारे निम्मा कोको पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो आणि तेथील बागांमधील बालमजुरीचा प्रश्न जगजाहीर आहे. ज्या पेल्यासमोर आपण हात जोडणार, त्यामागे कोणा मुलाचे कष्ट नाहीत याची खात्री करून घेणे हा विधीचाच भाग आहे. दक्षिण भारतातील बागायतदारांकडून थेट घेतलेला कोको मला यासाठी अधिक योग्य वाटतो. त्याला ग्वाटेमालाच्या नावाची झळाळी नसली, तरी बागेपर्यंतचा माग काढता येतो.

कोकणच्या हवेत साठवणीला जपावे लागते. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे वैशाखात वडी मऊ पडते आणि पुन्हा घट्ट झाल्यावर तिच्यावर पांढुरके डाग दिसतात. ते डाग मेदाचे असून खाण्यास अपायकारक नसतात. पावसाळ्यातली बुरशी मात्र लोकरीसारखी, हिरवट किंवा करडी असते आणि तिला कुबट वास येतो. अशी वडी खरवडून वापरू नये, सरळ टाकून द्यावी. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा किंवा काचेची बरणी घेऊन ती चुलीपासून आणि खिडकीपासून दूर ठेवावी. फ्रीजमध्ये ठेवायची वेळ आलीच तर दुहेरी बंद करावी, नाहीतर बांगड्याचा वास कोकोला हमखास लागतो, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्यानंतरच उघडावा, म्हणजे आत दव धरत नाही.

पाचवी पायरी: पेय करणे

शिबिरांमध्ये एका व्यक्तीला चाळीस ग्रॅमपर्यंत कोको देतात, पण नवख्याने पंधरा ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि वीस-पंचवीसच्या पुढे जाण्याची घाई करू नये. एवढा मेद रिकाम्या पोटी एकदम गेला की मळमळ होते, आणि मळमळीला ‘शुद्धीकरण’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. वडी सुरीने बारीक चिरावी किंवा किसणीवर किसावी. सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर पाणी तापत ठेवावे आणि पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले, म्हणजे साधारण सत्तर अंशांवर, की आधण येण्याआधीच उतरवावे. किसात आधी दोन चमचे पाणी घालून गुठळ्या मोडेपर्यंत घोटावे, मग उरलेले पाणी हळूहळू घालावे आणि लाकडी रवीने फेस येईपर्यंत घुसळावे. रवी नसल्यास एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून चार-सहा वेळा ओतावे. माया लोक नेमके असेच करत. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात ७ व्या-८ व्या शतकातील एक रंगवलेला चषक आहे आणि त्याच्यावर एक स्त्री उंचावरून पेय ओतताना दिसते.

पहिला पेला कशाचीही भर न घालता घ्यावा. तो कडू, तुरट आणि दाट लागतो, आणि त्याची ती मूळ चव एकदा जिभेला कळायला हवी. पुढच्या वेळेपासून आपल्या परसातील मसाले घालण्यास हरकत नाही: दोन मिऱ्यांची पूड, दालचिनीचा लहान तुकडा किंवा चिमूटभर जायफळ. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही दालचिनीची आणि ‘कोकण सुगंधा’ ही जायफळाची जात दिली आहे, त्यामुळे हे दोन्ही मसाले बागेतच तयार होऊ शकतात. जायफळ चिमटीबाहेर जाऊ देऊ नये, कारण जास्त मात्रेत ते बाधते. गूळ घालायचा असेल तर सुपारीएवढाच घालावा. नारळाचा दाट रस घातल्यास पेय फार सुरेख होते, पण तो अगदी शेवटी, विस्तवावरून उतरल्यावर घालावा, नाहीतर फाटतो.

सहावी पायरी: बैठक

वेळ सकाळची असावी, हलक्या न्याहारीनंतर तासाभराने. थिओब्रोमीनचा परिणाम कित्येक तास टिकतो, म्हणून दुपारी तीननंतर घेतलेला कोको रात्रीची झोप घेऊन जातो. आठवड्यातून एक किंवा दोन वार ठरवावेत. रोज घेण्याचे कारण नाही, कारण रोजचे काम पहिल्या पायरीतील झाड करतेच.

पडवीत, ओटीवर किंवा तुळशीसमोर स्वच्छ पाट मांडावा, समई किंवा पणती लावावी आणि पेला दोन्ही हातांत धरावा. काय बोलावे, हा प्रश्न नवख्यांना नेहमी पडतो. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे: स्थळाचे नाव, रक्षण करणाऱ्यांचे नाव, वाडीतल्या साऱ्यांची आठवण आणि मग साध्या बोलीत मागणे. त्याच वळणाने, स्वतःच्या शब्दांत, हळू आवाजात बोलावे. आधी ज्या मातीत हे झाड वाढले तिची आठवण काढावी, मग बिया आंबवणाऱ्या-वाळवणाऱ्या हातांची, मग घरातल्या माणसांची, आणि शेवटी आजच्या दिवसासाठी एकच मागणे मागावे. कोणाला मालवणीत बोलणे जवळचे वाटेल, कोणाला प्रमाण मराठीत. देवळातले गाऱ्हाणे घालण्याचा मान ज्यांचा आहे तो त्यांचाच राहू द्यावा, आणि ग्रामदेवतेला कोकोचा नैवेद्य दाखवावा की नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच ठरवावे.

पेला सावकाश, घोटाघोटाने संपवावा आणि त्यानंतर वीस मिनिटे काही न करता बसावे. छातीत हलकी ऊब, थोडी हुशारी आणि कधी बोलण्याची उत्सुकता, एवढेच साधारणपणे जाणवते. काहीच जाणवले नाही तरी चुकले असे मानू नये. धडधड किंवा मळमळ झाली तर पाणी प्यावे, बसून राहावे आणि पुढच्या वेळी मात्रा निम्मी करावी. छातीत दुखू लागले किंवा धडधड थांबेना तर विधी बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा. उरलेले पेय तुळशीच्या मुळाशी ओतू नये, त्यातील मेद मातीवर साचून रोपाला अपाय होतो.

सातवी पायरी: वर्षाचे झाडोरे

रोजचे झाड आणि आठवड्याचा कोको यांची घडी बसली की वर्षभरातील वनस्पती-विधींकडे नव्या नजरेने पाहता येते, आणि कोकणात तर ते पावलोपावली आहेत. वटपौर्णिमेला बाजारातून तोडलेली फांदी आणण्याऐवजी वडापर्यंत चालत जावे. भाद्रपदात गणपतीवर बांधायच्या माटवीसाठी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायच्या रानफुला-फळांनी सजवलेल्या चौकटीसाठी, रानात जाणाऱ्या माणसांबरोबर एकदा तरी जावे, म्हणजे कवंडळ, हरण, तेरडा, कांगण्या यांची केवळ नावे न राहता त्यांची झाडे ओळखीची होतात. ही माहिती सांगणारी पिढी आता थकली आहे आणि तिच्याकडून शिकून घेण्याची निकड मला कोकोच्या कोणत्याही शिबिराहून मोठी वाटते. तेरड्याची गौर, आश्विनात दारावर बांधायचे नवे, म्हणजे भाताच्या लोंब्या, आंब्याचे पान आणि कुरडूची फुले, आणि कार्तिकात ऊस-चिंच-आवळ्यासह होणारे तुळशीचे लग्न, हे सर्व करताना त्या-त्या झाडापुढे गवती चहाच्या वेळेसारखेच क्षणभर थांबावे आणि लागेल तेवढेच तोडावे. देवराईत मात्र काहीही तोडू नये. तेथील वाळके लाकूडही न उचलण्याची रीत अनेक गावांत आहे. गावकऱ्यांच्या परवानगीशिवाय तेथे आपली बैठकही मांडू नये.

एक इशारा येथे स्पष्ट द्यायला हवा. विधीत वापरतात म्हणून वनस्पती पोटात घेण्याजोगी ठरत नाही. माटवीला शोभणाऱ्या कळलावीचा कंद जीवघेणा विषारी आहे, महादेवाला वाहतात तो धोतरा आणि अंगणातली कण्हेर याही विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. यांचा काढा, लेप किंवा धूर, काहीही करू नये. धुरासाठी परदेशी पांढरी सेज मागवण्याचेही कारण नाही, कॅलिफोर्नियात तिची बेसुमार तोड होत आहे. निखाऱ्यावर थोडा ऊद किंवा राळ पुरते, खिडकी उघडी ठेवावी आणि दम्याचा रुग्ण घरात असेल तर तेही टाळावे.

आठवी पायरी: इतरांना बोलावताना

स्वतःचा काही महिन्यांचा सराव झाल्यावरच शेजारी किंवा मैत्रिणींना बोलवावे. बोलावणे देतानाच तिसऱ्या पायरीतील सर्व गोष्टी प्रत्येकाला एकेकट्याने विचाराव्यात, कारण चारचौघांत कोणी आपल्या गोळ्या सांगत नाही. ज्यांना कोको चालत नाही त्यांच्यासाठी गवती चहा तयार ठेवावा आणि दोन्ही पेये सारख्याच पेल्यांत द्यावीत, म्हणजे कोणाचे वेगळेपण उठून दिसत नाही. बसल्यावर बोलण्याची सक्ती करू नये, जे बोलले जाईल ते बाहेर सांगू नये, आणि कोणी रडू लागल्यास उपदेश न करता जवळ बसावे. आजार बरा होईल असे आश्वासन कोणालाही देऊ नये. बैठक संपल्यावर साधा भात-आमटी किंवा पेजेचे जेवण असावे, भांडी लगेच गरम पाण्याने धुवावीत, दिव्याभोवतीची फुले निर्माल्य म्हणून माडाच्या आळ्यात घालावीत, आणि लांबून आलेल्यांनी तासभर थांबूनच गाडी काढावी.